खुलासा: हृदयाची कृत्रिम झडप आणि एमआरआय

'झडप बदललेल्या रुग्णाने एमआरआय केला तर चुंबक झडप खेचून काढतो' हा मेसेज सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

झडपा पायरोलिटिक कार्बन, टायटॅनियम, कोबाल्ट-क्रोमियम अशा पदार्थांच्या असतात. काही गाय-डुकराच्या ऊतींच्या. लोखंडासारख्या त्या चुंबकाकडे ओढल्या जात नाहीत. यंत्राचा जो थोडा जोर पडतो, तो धडधडत्या हृदयाच्या जोरापेक्षा कमीच असतो. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २००७ मध्येच सांगितले आहे की चुंबकासाठी चाचणी झालेली झडप बसवलेल्या रुग्णांचा ३ टेस्लापर्यंतचा (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद मोजायचे एकक) एमआरआय शस्त्रक्रियेनंतर केव्हाही करता येतो. चित्रात झडपेभोवती काळी सावली दिसते, तो बिघाड नव्हे.

पेसमेकरची (हृदयाचे ठोके नियमित ठेवणाऱ्या यंत्राची) गोष्ट वेगळी. त्याची स्वतंत्र तपासणी लागते. बहुधा या दोन्हींची गल्लत झाली असावी.

भीतीपोटी मेंदूची किंवा मणक्याची गरजेची तपासणी टाळणे, हे मला जास्त घातक वाटते. झडपेचे कार्ड (झडपेची माहिती असलेले) सोबत न्या, तंत्रज्ञांना आधी सांगा. आणि रक्त पातळ करणारी गोळी एमआरआयसाठी मनाने बंद करू नका, त्याने झडपेत गुठळी होऊ शकते.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्या ग्रुपवर आला तिथे हा खुलासा टाका.