टायमर टाका, प्रत्येक टिकला एक वाढवा, झालं? नाही होत!

विनफॉर्म्स (विंडोजसाठी खिडक्या-बटणांचे प्रोग्रॅम बनवायचं मायक्रोसॉफ्टचं साधन) शिकणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी हा सल्ला मिळतोच, की 10 सेकंदांचा प्रोग्रेस बार हवाय ना, मग फॉर्मवर टायमर ओढा, इंटरव्हल 100 मिलिसेकंद ठेवा, टिकमध्ये (टायमर दर वेळी वाजला की चालणाऱ्या कोडमध्ये) बारची व्हॅल्यू एकने वाढवा, 100 टिक म्हणजे बरोब्बर 10 सेकंद. टायमर नको असेल तर लूपमध्ये स्लीप (कोड थोडा वेळ थांबवणारा) आणि डूइव्हेंट्स (साचलेले क्लिक वगैरे मधेच उरकणारा) टाका, तेही चालतं म्हणे, आणि शेवटी काय तर बार हलताना दिसला की बास. हे सगळं इतक्या ठामपणे सांगितलं जातं की नवीन पोरं तसंच्या तसं उचलतात आणि मग अडकतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी ते 100 टिकचं गणित. इंटरव्हल 100 ठेवला म्हणजे दर 100 मिलिसेकंदांनी टिक येणारच अशी गॅरंटी कुणीच दिलेली नाही. मायक्रोसॉफ्टच्या डॉक्युमेंटेशनमध्येच लिहिलंय की या टायमरची अचूकता 55 मिलिसेकंदांपुरती मर्यादित आहे. विंडोजचं घड्याळ साधारणपणे 15.6 मिलिसेकंदांच्या टप्प्यांनी पुढे सरकतं, त्यामुळे 100 मागितले की बऱ्याच मशीनवर टिक 109 च्या आसपास येतो, म्हणजे तुमचे 10 सेकंद जवळपास 11 होतात. आणि हे फॉर्म रिकामा बसलेला असताना. हा टायमर विंडोच्या मेसेज क्यूवर (क्लिक, टायपिंग वगैरे सूचनांच्या रांगेवर) चालतो आणि त्याच्या मेसेजला तिथे सगळ्यात शेवटचा नंबर, माऊस, कीबोर्ड, पेंटिंग सगळं आधी. यूआय थ्रेड (फॉर्म सांभाळणारा कामाचा धागा) 2 सेकंद कशात गुंतला तर राहिलेले 20 टिक नंतर भरून मिळतील असं काहींना वाटतं, तसं अजिबात होत नाही, ते जमा होत नाहीत, 20 च्या जागी एकच येतो आणि बार तेवढा मागे पडतो तो पडतोच.

म्हणून टिक मोजायचेच नाहीत, वेळ मोजायची. सुरुवातीला स्टॉपवॉच (गेलेली वेळ मोजणारा तयार क्लास) चालू करा, आणि प्रत्येक टिकला किती मिलिसेकंद गेले ते विचारून त्यावरून व्हॅल्यू काढा. टिक उशिरा आला, चुकला, काहीही झालं तरी पुढच्या टिकला बार आपोआप योग्य जागी येतो. फक्त सूत्र लिहिताना आधी गुणाकार, मग भागाकार. गेलेली वेळ 4000, एकूण 10000, आणि तुम्ही आधी भागलंत तर पूर्णांकांत उत्तर 0, त्याला 100 ने गुणलं तरी 0, बार शेवटपर्यंत हलणारच नाही आणि तुम्ही टायमरला दोष देत बसाल. आधी गुणलं तर बरोबर 40 येतात. निकाल मॅक्झिममच्या (बारच्या कमाल व्हॅल्यूच्या, इथे 100) वर जाऊ देऊ नका, कारण व्हॅल्यूला 101 दिलं की सरळ एक्सेप्शन म्हणजे एरर येते. आणि वेळेसाठी डेटटाइम नाऊ वापरू नका, मधेच सिस्टिमचं घड्याळ सिंक झालं तर बार उडी मारेल.

स्लीप आणि डूइव्हेंट्सचा लूप तर मुळीच नको. नुसता स्लीप टाकला तर फॉर्म गोठतो आणि 5 सेकंद मेसेज उचलले नाहीत की विंडोज टायटलवर 'नॉट रिस्पॉन्डिंग' लिहून मोकळं होतं. डूइव्हेंट्स टाकल्यावर ते दिसत नाही खरं, पण आता युजर तेच स्टार्ट बटण परत दाबू शकतो, मग पहिल्या लूपच्या पोटात दुसरा लूप सुरू होतो आणि दोघं एकाच बारची ओढाताण करतात.

दुसरा टायमर वापरा, सिस्टिम टायमर्सवाला, असाही सल्ला असतो. तो सहसा थ्रेडपूलवर (यूआय थ्रेडपासून वेगळ्या, मागे चालणाऱ्या थ्रेड्सवर) फायर होतो, तिथून बारला हात लावला की क्रॉस थ्रेडची एरर. इन्व्होक करून (काम परत यूआय थ्रेडकडे सोपवून) चालतं, पण फॉर्मवरच्या बारसाठी एवढी उठाठेव कशाला.

एक गोष्ट मात्र खरंच वैताग देते आणि तिच्यावर कुणी फारसं बोलत नाही. व्हॅल्यू 100 झाली तरी बार अर्धवटच दिसतो आणि तेवढ्यात 'पूर्ण झालं'चा मेसेज बॉक्स येतो. कोड बरोबर असतो, पण व्हिस्टापासून विंडोज बार वाढताना ॲनिमेशन करतं आणि ते मागे राहतं. कमी होताना मात्र करत नाही, लगेच बदलतं. म्हणून शेवटी मॅक्झिमम तात्पुरतं एकने वाढवा, व्हॅल्यू तिथपर्यंत न्या, मग व्हॅल्यू एकने खाली आणा आणि मॅक्झिमम जागेवर ठेवा. आणि मेसेज बॉक्सच्या आधी टायमर स्टॉप, नंतर नाही, कारण बॉक्स उघडा असतानाही टिक येत राहतात आणि बॉक्सवर बॉक्स उघडत जातात.

आता 'बार हलला की बास' हा मुद्दा, मला सगळ्यात जास्त खटकणारा. परीक्षेचा टायमर, ऑटो लॉगआउट, ओटीपी परत पाठवायची मुदत, इथे वेळ हीच खरी गोष्ट आहे, तिथे टाइम्ड बार जरूर लावा. पण फाइल कॉपी होतेय किंवा डेटाबेस लोड होतोय आणि बार नुसता घड्याळावर पळतोय, ही युजरची फसवणूक आहे, बार भरला म्हणून तो ॲप बंद करेल आणि काम अर्धवट राहील. किती काम झालं ते माहीत असेल तर बॅकग्राउंड वर्करचं रिपोर्ट प्रोग्रेस किंवा असिंकसोबत आयप्रोग्रेस वापरा (दोन्ही मागे चाललेल्या कामाची खरी प्रगती बारपर्यंत पोचवतात), आणि माहीतच नसेल तर बारची स्टाइल मार्की (सतत सरकत राहणारी पट्टी) ठेवा, म्हणजे काम चालू आहे एवढंच तो सांगेल.