‘दोन वर्षे डब्ल्यू-४ला हात लावू नका’ या सल्ल्याचा प्रतिवाद

अमेरिकेतील मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांमधून एक सल्ला फिरत असतो. पती किंवा पत्नीचे निधन झाल्यावर नोकरीच्या ठिकाणी दिलेला डब्ल्यू-४ फॉर्म, म्हणजे पगारातून किती कर कापायचा हे ठरवणारा फॉर्म, बदलू नये. कारण सरकार दोन वर्षे विवाहितांचाच करदर देते, कंपनीला निधन कळवले की पेरोल, म्हणजे पगारातली करकपात, आपोआप सुधारते आणि काही चुकलेच तर रिफंडमध्ये हिशेब जुळतो, असे त्यात म्हटलेले असते. यात एक अर्धसत्य आणि दोन सरळ चुका आहेत. अर्धसत्य अधिक महागात पडणारे असल्यामुळे आधी तेच पाहू.

ज्या वर्षी निधन झाले त्या वर्षाचे विवरणपत्र, वर्ष संपण्यापूर्वी पुनर्विवाह केला नसेल तर, दिवंगत जोडीदारासह संयुक्तपणे भरता येते, हे खरे आहे. त्यानंतरच्या दोन वर्षांसाठी ‘क्वालिफाइंग सर्व्हायव्हिंग स्पाऊस’ हा विवाहितांच्या करदराचा दर्जाही कायद्यात आहे; २०२२च्या करवर्षापूर्वी तो ‘क्वालिफाइंग विडो(अर)’ म्हणून ओळखला जात असे. परंतु तो सरसकट सर्वांना मिळत नाही. आपल्यावर अवलंबून असलेले मूल वर्षभर आपल्याच घरी राहत असावे लागते आणि घरखर्चाचा निम्म्याहून अधिक भार आपण उचललेला असावा लागतो. शिक्षण, आजारपण किंवा सुट्टी यांसाठी मूल तात्पुरते बाहेर असेल तर हरकत नसते; मात्र आई गेल्यावर मुलाला कायमचे पुण्याला आजी-आजोबांकडे ठेवले असेल, तर या दर्जावर विसंबता येत नाही. ज्यांना मूल नाही, किंवा ज्यांची मुले कमावती होऊन वेगळी राहतात, त्यांच्यासाठी पुढच्या १ जानेवारीपासून दर्जा ‘सिंगल’ होतो. भारतातील आईला दरमहा पैसे पाठवतो म्हणून ‘हेड ऑफ हाउसहोल्ड’ (अवलंबित व्यक्तीचा घरखर्च उचलणाऱ्या एकट्या व्यक्तीचा सवलतीचा दर्जा) लावावे, असेही काही जण सुचवतात. पण ती आई अमेरिकेची नागरिक किंवा कराच्या दृष्टीने रहिवासी नसेल, तर तिला अवलंबित म्हणून दाखवता येत नाही.

फरक किती पडतो, हे आकड्यांत पाहावे. जोडीदाराचे निधन २०२३ मध्ये झाले, त्यांना नोकरी नव्हती, मूल अवलंबित नाही आणि २०२४चा पगार ९०,००० डॉलर आहे, असे समजू. डब्ल्यू-४वर विवाहितांचा चौकोन तसाच राहिला तर २९,२०० डॉलरची प्रमाणित वजावट धरून वर्षभरात सुमारे ६,८३२ डॉलर फेडरल कर कापला जाईल. प्रत्यक्षात एकट्या व्यक्तीची वजावट १४,६०० डॉलर आणि देय कर सुमारे ११,६४१ डॉलर. दर पंधरवड्याला हाती येणारी रक्कम नेहमीचीच असल्यामुळे कोणालाही शंका येत नाही, आणि एप्रिलमध्ये एकदम ४,८०९ डॉलर भरावे लागतात.

पेरोल आपोआप सुधारते, हा दावा तर मुळातच चुकीचा आहे. एचआरला मृत्यूचा दाखला दिला की आरोग्यविम्याची आणि वारसदाराची नोंद बदलू शकते. पगारातली करकपात मात्र कर्मचाऱ्याने सही करून दिलेल्या डब्ल्यू-४नुसारच होत राहते. पहिल्या पायरीतील दर्जाचा चौकोन आपणच बदलायचा असतो. येथे आणखी एक खाचखळगा आहे. दोघेही नोकरी करत असाल आणि दुसऱ्या पायरीतील दोन नोकऱ्यांच्या चौकोनावर खूण केलेली असेल, तर कपात आधीपासूनच जवळपास एकट्या व्यक्तीच्या दराने होत असते. अशा वेळी ‘सिंगल’ निवडून ती जुनी खूण तशीच ठेवली, तर गरजेपेक्षा बरीच जास्त रक्कम कापली जाते. नवा फॉर्म जुन्याची जागा पूर्णपणे घेतो, त्यामुळे मुलांच्या सवलतीची तिसरी पायरी कोरी सोडल्यास तीही सवलत पगारातून निघून जाते. शोकाच्या दिवसांत घाईने भरलेल्या फॉर्ममध्ये हीच जागा रिकामी राहण्याची भीती अधिक.

राहिला रिफंड. जास्त कापले असेल तरच तो मिळतो; वरच्या उदाहरणात उलट देणे निघते. देणे १,००० डॉलर किंवा त्याहून अधिक असेल, आणि कापलेला कर चालू वर्षाच्या कराच्या ९० टक्क्यांइतका नसेल आणि आधीच्या वर्षाच्या पूर्ण कराइतकाही नसेल, तर कमी भरण्याबद्दलचा दंडही लागू शकतो. मागील वर्षीचे समायोजित उत्पन्न १,५०,००० डॉलरहून अधिक असल्यास ती दुसरी मर्यादा ११० टक्के होते.

नवा फॉर्म मिळाल्यावर तो लागू करण्यास कंपनीला साधारण ३० दिवसांपर्यंत मुभा असते. म्हणून निधनाच्या वर्षीच, नोव्हेंबरच्या अखेरीस तो दिल्यास जानेवारीच्या पहिल्या पगारापासून कपात योग्य होते. न्यू जर्सीत राहणाऱ्यांनी राज्याचा एनजे-डब्ल्यू४ स्वतंत्रपणे तपासावा. टेक्सासमध्ये पगारावर राज्याचा कर नसल्यामुळे हा दुसरा फॉर्म नाही.