दीड फुटाच्या भिंतीला शेण कशाला?

महिनाभरात एकच मेसेज माझ्याकडे चार ग्रुपांवरून आला. ‘खुराडं आतून देशी गाईच्या शेणानं सारवा. शेण जंतू मारतं, गोचीड फिरकत नाही, सिमेंट-पत्र्यासारखं तापत नाही, भिंत कधी धुवावी लागत नाही, खर्च शून्य.’ आमच्या खटावात शेजारच्या दोघांनी लगेच पाट्या भरल्या, म्हणून लिहितोय.

‘शेण जंतू मारतं.’ सारवल्यानं अंगणातली धूळ बसते, एवढं कबूल. पण साल्मोनेलासारखे जंतू शेणातच असू शकतात. आणि कोंबड्यांच्या रक्ती हगवणीचं (कॉक्सिडिओसिस) बी, म्हणजे रोगजंतूची सूक्ष्म अंडी, ओलाव्यात तयार होतं. साध्या फिनेलनं ते मरत नाही. अशा जागी दर पंधरवड्याला ओलं सारवण? माण-खटावच्या उन्हात ते लगेच वाळेलही, शिराळा-पाटणला श्रावणात वाळायचं नाव घेत नाही.

‘गोचीड फिरकत नाही.’ इथं मेसेज साफ उलटा आहे. कोंबडीची गोचीड दिवसा अंगावर दिसत नाही, ती भिंतीच्या फटीत असते आणि रात्री रक्त प्यायला बाहेर येते. काही खायला न मिळता महिनोन्‌महिने जगते, त्यामुळे खुराडं दोन महिने रिकामं ठेवून ती जात नाही. शेण वाळलं की तडकतं. थरावर थर चढले की पोपडे सुटतात. प्रत्येक पोपड्यामागे तिला घर. मी स्वतः रात्री बॅटरी घेऊन बसलो तेव्हा पोपड्याच्या कडेनं रांग चाललेली पाहिली. भिंत कशाची, यापेक्षा तिला फट किती, हे आधी बघा. टाइल्सही सांधे भरले नाहीत तर तशाच. आणि वाढदिवसाचे जुने फ्लेक्स खिळ्यांनी ठोकून ‘आतून वॉशेबल’ म्हणणाऱ्यांनी एकदा फ्लेक्स उचलून मागे बघावं. नेत्याच्या पाठीमागे केवढी गर्दी असते ते कळेल.

‘सिमेंट-पत्रा तापतो.’ पत्र्याचं खरं आहे, आटपाडी-जतच्या एप्रिलमध्ये तर फारच. पण आपल्याकडच्या शेडला भिंत असते फूट-दीड फूट, वर जाळी. भांडण तेवढ्या दीड फुटाचं! मुंगसाच्या भीतीनं घरामागे बंद खुराडं असेल, तरी वरच्या बाजूला जाळीचा झरोका ठेवता येतो.

‘धुवावी लागत नाही.’ धुताच येत नाही, असं म्हणा. पाणी मारलं की शेण सुटतं. माझ्या खुराड्याला आता आतून घोटलेलं सिमेंट प्लास्टर आहे, कोपऱ्यांना गोलाई दिली, म्हणजे खराटा अडत नाही. आधी विष्ठा कोरडी खरवडायची, मग साबणाचं पाणी, मग वाळवण, शेवटी चुना. विष्ठेवरच औषध फवारलं तर त्याचा जोर विष्ठेतच संपतो. कळीचा चुना विरवून पातळ करून ब्रशनं फटीत दाबून भरा. विरताना तो उकळतो, डोळे सांभाळा, पोरांना लांब ठेवा.

खर्च शून्य नाही, मान्य. सिमेंट आणि गवंड्याची एक दिवसाची हजेरी लागली. चुना दर बॅचनंतर लागतो.

हे काम सकाळीच काढा. संध्याकाळी कोंबड्या कोंडायच्या आधी भिंत खडखडीत वाळलेली हवी.