कपाटातला एचएलए रिपोर्ट आणि मेंदूतली गाठ: इंदूरच्या ताईंच्या प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

प्रतिकारशक्तीची जनुकं आणि मेंदूचा कर्करोग या लेखावर तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. दमा-ॲलर्जी असणाऱ्यांत ग्लायोमा (मेंदूच्या आधारपेशींतली गाठ) कमी आढळतो असं आम्ही लिहिलं, पण तुमच्या दिरांना लहानपणापासून दमा आहे आणि ग्लायोब्लास्टोमा, म्हणजे ग्लायोमाचा सर्वांत आक्रमक प्रकार, त्यांनाच झाला. सासऱ्यांना मूत्रपिंड देताना यजमानांची एचएलए, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या जनुकांची, तपासणी झाली होती. त्या रिपोर्टवरून मुलांचा धोका कळतो का, हे लेखात नव्हतं. आणि तिसरा, तुमच्याच शब्दांत: "जनुकं म्हटलं की घरात भीती शिरते आणि लॅबवाले मुलांसाठी पॅकेज सुचवतात. अर्धवट सांगायचं तर लिहूच नका."

तिसरा आक्षेप पूर्ण मान्य. ‘वारशाने येणारा धोका’ हे शीर्षक देताना धोका किती, हे आम्ही सांगितलंच नाही. ते शीर्षक बदललं आहे.

आता रिपोर्ट. त्यावर ए, बी, डीआरबी१ अशा प्रत्येक जनुकापुढे दोन नोंदी असतील, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. समजा बी*२७:०५ असं लिहिलंय. ‘बी’ हे जनुक, २७ हा गट आणि ०५ हे त्या गटातलं नेमकं प्रथिन. जुन्या रिपोर्टांत बऱ्याचदा फक्त गट असतो. ही जनुकं सहाव्या गुणसूत्रावर शेजारीशेजारी असतात आणि बहुधा जुडीनेच पुढे जातात. म्हणून दोन सख्ख्या भावंडांच्या दोन्ही जुड्या जुळण्याची शक्यता २५ टक्के, एक जुळण्याची ५० टक्के, एकही न जुळण्याची २५ टक्के. म्हणजे यजमानांच्या रिपोर्टवरून दिरांचा एचएलएसुद्धा सांगता येत नाही, मग मुलांच्या मेंदूतल्या गाठीचं भाकीत दूरच राहिलं.

तरी संशोधक या जनुकांमागे का लागतात? एचएलएचं काम पेशीच्या आतल्या प्रथिनांचे तुकडे पेशीच्या पृष्ठभागावर आणून टी पेशींना, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पहारेकरी पेशींना, दाखवणं. कोणता तुकडा एचएलए रेणूच्या खाचेत बसेल, हे एचएलएच्या प्रकारावर ठरतं. काही ग्लायोमांत आयडीएच१ या प्रथिनात १३२व्या जागी आर्जिनिनऐवजी हिस्टिडिन येतं, आणि हा बदललेला तुकडा दुसऱ्या वर्गाच्या (डीआरबी१ वगैरे) एचएलए रेणूंवर दाखवला जाऊ शकतो. त्याच आधारावर जर्मनीत ३३ रुग्णांवर लशीची पहिली चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. तेव्हा तर्क भक्कम आहे. पण गाठ झाल्यावर प्रतिकारशक्तीला ती दिसणं वेगळं आणि गाठ होण्याचा धोका वेगळा. लेखात आम्ही या दोन्हींची सरमिसळ केली होती.

धोक्याचा थेट शोध २०१७ च्या मोठ्या जनुकीय अभ्यासात घेतला गेला: १२,४९६ ग्लायोमा रुग्ण आणि १८,१९० निरोगी माणसं, बहुतेक युरोपीय वंशाची. त्यात ग्लायोमाच्या धोक्याशी जोडलेल्या गुणसूत्रांवरच्या १३ नव्या जागा सापडल्या. टर्ट, आरटीईएल१, ईजीएफआर, टीपी५३ या जनुकांच्या जवळच्या जागा आधीच माहीत होत्या. एचएलएचा पट्टा या यादीत नाही. पण एचएलएचे प्रकार हजारोंनी आहेत, आणि अशा अभ्यासांतल्या साध्या जनुकतपासणी चिपवर ते नीट पकडता येत नाहीत. म्हणून प्रश्न मिटलेला नाही, एवढंच म्हणता येतं.

अमुक एचएलएने धोका वाढतो असं सांगणारे लहान अभ्यास कुठे फसतात, ते आकड्यांत बघा. समजा एक प्रकार निरोगी लोकांत २० टक्के आढळतो आणि त्याने गाठीची शक्यता खरोखर १.३ पट होते. २०० रुग्णांत परिणाम नसता तर ४० जण सापडले असते, परिणाम धरून ४९ सापडतील. पण निव्वळ योगायोगानेही हा आकडा २९ ते ५१ मध्ये हलतो. म्हणजे खरा परिणाम गोंगाटात बुडाला. ५,००० रुग्ण घेतले तर १,००० च्या जागी सुमारे १,२२५ येतील आणि योगायोगाची हालचाल ५५ च्या आसपास. तेव्हा फरक दिसतो. शिवाय २०० प्रकार तपासले आणि पाच टक्क्यांची चाळणी (योगायोगाने फरक दिसण्याची शक्यता पाच टक्क्यांहून कमी असेल तर तो खरा मानणं) लावली, तर काहीच खरं नसताना दहाएक प्रकार दोषी ठरतात.

"इंदुरातच नमुने घेऊन बघा," असंही तुम्ही सुचवलंत. कल्पना चांगली, पण इथे मोठा खड्डा आहे. रुग्ण येणार झाबुआ, आलीराजपूर, निमाडातून, त्यांत भिल्ल कुटुंबं बरीच. निरोगी नमुने म्हणून घेतले जातील शहरातले रक्तदाते, त्यांत होळकरांच्या काळापासून इथे असलेली आणि पिढ्यानपिढ्या जातीतच लग्नं केलेली आपली मराठी घरं. एचएलए समाजासमाजात फार बदलतो. मग जो फरक दिसेल तो गाठीचा नसून माणसांच्या मुळांचा असेल. रुग्ण आणि निरोगी एकाच समाजातले, एकाच भागातले घ्यावे लागतात, आणि वांशिक फरक वजा करायला बाकीच्या जनुकसंचाचीही तपासणी लागते.

दम्याबद्दल. २०१६ च्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात श्वसनाच्या ॲलर्जी असणाऱ्यांत ग्लायोमा सुमारे ३० टक्के कमी दिसला. अमेरिकेत ग्लायोब्लास्टोमा वर्षाला लाखात सुमारे ३ जणांना होतो. ३० टक्के घट सगळीच खरी धरली, तरी ३ चे २.१ होतात. दमेकऱ्यांतही रुग्ण असणारच, आणि दिरांचा आजार या आकड्याला खोटं ठरवत नाही. शिवाय ही घट कितपत खरी, यावर वाद आहे. गाठ स्वतः, आणि सूज उतरवायला दिलेलं डेक्सामेथासोन हे औषध, दोन्ही प्रतिकारशक्ती दाबतात, त्यामुळे निदानानंतर ॲलर्जी कमी दिसू शकते. रुग्णाला आठवत नाही म्हणून ॲलर्जीची माहिती घरचे देतात, ती अपुरी असू शकते. नॉर्वेत निदानाच्या कितीतरी वर्षं आधी साठवलेल्या रक्तातही आयजीई (ॲलर्जीत वाढणारं प्रतिपिंड) आणि गाठीचा उलटा संबंध दिसला, हे ॲलर्जीच्या बाजूचं. पण २०१८ मध्ये ॲलर्जीची जनुकं वापरून तपासलं तेव्हा ठोस पुरावा मिळाला नाही.

मुलांसाठी एचएलए पॅकेज घेऊ नका. त्याऐवजी कागदावर तीन पिढ्या मांडा: कुणाला, कुठला कर्करोग, कितव्या वर्षी. जवळच्या दोघांना ग्लायोमा, लहान वयात सार्कोमा (हाडं-स्नायूंसारख्या ऊतींचा कर्करोग) किंवा स्तनाचा कर्करोग, आतडं-गर्भाशयाच्या कर्करोगांची रांग, किंवा अंगावर दुधाळ कॉफीच्या रंगाचे सहा किंवा जास्त डाग असतील, तर तो कागद जनुकीय सल्लागाराला दाखवा. तपासायची जनुकं तिथे वेगळी असतात: टीपी५३, एनएफ१, लिंच सिंड्रोम या आनुवंशिक आजाराची. यातलं काही नसेल तर मुलांची तपासणी नको.

दिरांच्या बायोप्सी रिपोर्टमध्ये आयडीएच आणि एमजीएमटी या दोन नोंदी आहेत का ते पाहा, नसतील तर डॉक्टरांना विचारा. एमजीएमटी मिथाइलेटेड (म्हणजे हे जनुक गाठीत बंद) असेल तर टेमोझोलोमाइड या केमोच्या औषधाचा उपयोग जास्त होतो. या दोन्ही नोंदी गाठीतल्या बदलांच्या आहेत; त्या वाचून मुलांसाठी घाबरू नका.