यिर्मया २३:२८ मध्ये ‘स्वप्न सांगू नका’ असं लिहिलेलं नाही

ख्रिस्ती मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांतून सध्या एक संदेश फिरतोय. माझ्याकडे तो तीन ठिकाणांहून आला, तिन्ही वेळा हात जोडलेल्या चित्रांसकट. म्हणणं असं: बायबलच्या जुन्या करारातल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकात, २३:२८ मध्ये, देवाने स्वप्नांना भुसा ठरवलंय, म्हणून स्वप्नाचं नाव काढणंच पाप. देवाचा निरोप अक्षर न् अक्षर पोहोचवायचा, त्यात आपला शब्द घालायचा नाही. निरोप आणणाऱ्याला ऐकणाऱ्याने प्रश्न विचारायचा नाही. आणि शेवटी नेहमीचंच, ‘जसंच्या तसं दहा जणांना पाठवा’.

आधी मूळ ओवी बघू. हिब्रूत ती अशी वाचतात: ‘हनावी अशेर इत्तो हलोम, येसप्पेर हलोम, वअशेर दवारी इत्तो, येदब्बेर दवारी एमेत. मा लत्तेवेन एत हब्बार.’ म्हणजे, ज्या संदेष्ट्याकडे स्वप्न आहे त्याने स्वप्न सांगावं, ज्याच्याकडे माझं वचन आहे त्याने माझं वचन खरेपणाने बोलावं. काडाचा दाण्याशी काय संबंध?

पहिलाच तुकडा काय म्हणतो? स्वप्न सांगावं. फिरणाऱ्या संदेशात नेमका हाच तुकडा गाळलाय. तक्रार कशाची आहे ते तीन ओव्या मागे, २५ मध्ये आहे. तिथे काही संदेष्टे ‘हलम्ती, हलम्ती’, मला स्वप्न पडलं, मला स्वप्न पडलं, असं ओरडत देवाच्या नावाने खोटं सांगतायत. स्वप्न पडणं हा गुन्हा नव्हता. स्वप्नावर ‘परमेश्वर म्हणतो’ असा शिक्का मारणं हा होता. खुद्द यिर्मया ३१:२६ मध्ये म्हणतो की मी जागा झालो आणि माझी झोप मला गोड लागली. स्वप्न म्हणजे पापच असतं, तर ही ओवी त्याच्याच पुस्तकात टिकली कशी?

आता तो भुसा. इथे जरा थांबतो, कारण सगळा घोळ या एका शब्दात आहे. मूळ शब्द ‘तेवेन’. वाऱ्यावर उडून जाणाऱ्या फोलपटाला हिब्रूत वेगळा शब्द आहे, ‘मोत्स’. पहिल्या स्तोत्रात दुर्जनांना तो लावलाय. तेवेन म्हणजे मळणीत बारीक झालेलं काड. रिबका अब्राहामाच्या चाकराला सांगते की आमच्याकडे उंटांसाठी तेवेन भरपूर आहे. मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, विटांच्या मातीत तेच कालवायचे. तिथल्या राजाने, फारोने, ते देणं बंद केलं तेव्हा इस्राएल लोकांना रानोमाळ धसकटं गोळा करत हिंडावं लागलं. म्हणजे तेवेन ही कामाची वस्तू. आपल्याकडेही खळ्यावर उफणणी झाली की भुसा कुणी उकिरड्यावर टाकत नाही, गुरांसाठी भरून ठेवतात. तेव्हा मराठी ‘भुसा’ तसा चुकीचा नाही. शहरात राहून आपल्या कानाला तो ‘टाकाऊ’ असा ऐकू यायला लागलाय, एवढंच.

पण गव्हाच्या पोत्यात भुसा भरून कुणी गव्हाच्या भावाने विकायला लागलं, तर? आमोस ८:६ मध्ये असेच व्यापारी आहेत, गव्हाचा गाळ धान्य म्हणून विकणारे. यिर्मयाचा प्रश्न मला त्याच जातीचा वाटतो. रोख भेसळीवर आहे. स्वप्न असेल तर स्वप्न म्हणून सांग, वचन असेल तर वचन म्हणून. पोत्यावर खरी चिठ्ठी लाव.

ज्यू परंपरेनेही या ओवीवरून स्वप्नं मोडीत काढली नाहीत. तालमूद म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या चर्चांचा जुना संग्रह. त्यातल्या बेराखोत ग्रंथात (५५अ) रब्बी योहानान, रब्बी शिमोन बार योहाय यांच्या नावाने सांगतात की जसं काडाशिवाय धान्य नाही, तसं निरर्थक गोष्टींशिवाय स्वप्न नाही. लगेच योसेफाच्या स्वप्नाचा दाखला येतो. त्यात चंद्र त्याच्यापुढे वाकला, चंद्र म्हणजे आई, आणि आई तर तेव्हा हयातच नव्हती. बाकीचं स्वप्न मात्र खरं ठरलं. दाणा आणि काड एकाच धाटावर.

‘अक्षर न् अक्षर’ या मुद्द्यात तथ्य अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. २६:२ मध्ये यिर्मयाला बजावलंय की एक शब्दही कमी करू नकोस. पण ३६वा अध्याय वाचा. यहोयाकीम राजा यिर्मयाच्या वचनांची गुंडाळी चाकूने कापत कापत शेगडीत जाळतो. यिर्मया आपला लेखनिक बारूख याच्याकडून ती पुन्हा लिहून घेतो, आणि शेवटी नोंद येते की त्यांसारखी आणखी पुष्कळ वचनं त्यात घालण्यात आली. या पुस्तकाचं जुनं ग्रीक भाषांतर आजच्या हिब्रू पाठापेक्षा सुमारे एक अष्टमांशाने लहान आहे, आणि त्या आखूड पाठाशी जुळणारे हिब्रू तुकडे मृत समुद्राजवळच्या गुहेत सापडलेत. मग अक्षरं नक्की कुठली मोजायची? ओवीतला शब्द ‘एमेत’ आहे. ‘आमेन’ ज्या धातूपासून आला त्याच धातूचा. भरवसा ठेवता येईल असं बोलणं, हा त्याचा गाभा. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावात अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं, बायाबापड्यांना कळावं म्हणून. या संदेशाच्या नियमाने त्याही दोषीच ठरतील.

राहिला प्रश्न न विचारण्याचा मुद्दा. अध्याय २८ मध्ये मंदिरात, याजकांसमोर, हनन्या नावाचा दुसरा संदेष्टा उभा राहून ‘परमेश्वर असं म्हणतो’ अशीच सुरुवात करतो आणि सांगतो की दोन वर्षांत बाबेलचं (बॅबिलोनचं) जू, म्हणजे त्याची सत्ता, मोडेल. यिर्मया नेमकं उलट सांगत आलेला. दोघांची भाषा एक, शिक्का एक. प्रश्न विचारायचे नाहीत तर लोकांनी निवड करायची कशी? यिर्मया आधी ‘आमेन, तसंच होवो’ म्हणतो, मग कसोटी देतो: शांतीचं भाकीत करणाऱ्याचं म्हणणं खरं झालं तरच त्याला देवाने पाठवलं हे कळेल. हनन्या यिर्मयाच्या मानेवरचं, त्या सत्तेची खूण म्हणून घातलेलं लाकडी जू काढून मोडून टाकतो. त्यावर यिर्मया काहीच बोलत नाही, आपल्या वाटेने निघून जातो. उत्तराचं वचन त्याला त्यानंतर येतं. हातात निरोप नव्हता, तर तो तयार करून दिला नाही. माझ्या मते २३:२८ वरचं सगळ्यात चांगलं भाष्य हेच.

आणि ‘जसंच्या तसं दहा जणांना पाठवा’ याबद्दल: २३व्याच अध्यायाची तिसावी ओवी वाचा. माझी वचनं एकमेकांपासून चोरणाऱ्या संदेष्ट्यांच्या मी विरुद्ध आहे, असं तिथे परमेश्वर म्हणतो.