पडला म्हणजे नाटकच? फुटबॉलवरच्या त्या मेसेजला उत्तर

वर्ल्ड कप किंवा युरो सुरू झाला की एक मेसेज हमखास फिरायला लागतो. सुरुवात ठरलेली: ‘रग्बीवाला ८० मिनिटं लागलं नसल्याचं दाखवतो, फुटबॉलवाला ९० मिनिटं लागल्याचं सोंग करतो.’ त्याखाली मुद्दे. टीव्हीवर स्पर्श दिसत नाही म्हणजे डाइव्ह, म्हणजे फाउल मिळवायला मुद्दाम पडण्याचं सोंग. व्हीएआर (व्हिडिओ बघून रेफरीला मदत करणारी व्यवस्था) येऊनही हे थांबलं नाही म्हणजे रेफरीही सामील. शिक्षा कुणालाच होत नाही; दहा सामने घरी बसवा, एका हंगामात सगळे सुतासारखे सरळ होतील. आणि शेवटी: असल्या रेफरींना मान कसला द्यायचा, घेरून जाब विचारला तरच ते जागे होतात.

डाइव्ह ही फसवणूकच आहे. सचोटीने बचाव करणाऱ्या संघाच्या तोंडचा घास ती पळवते, आणि तिचं समर्थन इथे होणार नाही. पण राग रास्त असला तरी मेसेजमधली माहिती चुकीची आहे, आणि त्या चुकीच्या माहितीची किंमत रेफरींना मोजावी लागते.

‘स्पर्श दिसत नाही, म्हणजे डाइव्ह’

फुटबॉलच्या नियमावलीतला बारावा नियम वाचला तर हा मुद्दा पहिल्याच परिच्छेदात निकालात निघतो. डायरेक्ट फ्री किक किंवा पेनल्टी ज्यासाठी मिळते त्या यादीत ‘लाथ मारणं किंवा मारण्याचा प्रयत्न करणं’, ‘पाय घालून पाडणं किंवा पाडण्याचा प्रयत्न करणं’ असं स्पष्ट लिहिलेलं आहे. डिफेंडर जोरात घसरत आला, फॉरवर्डने पाय मोडू नये म्हणून उडी मारली आणि तोल जाऊन तो पडला, तर स्पर्श अजिबात नसतानाही फाउल देता येतो.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे, आणि ती समालोचकही विसरतात. स्पर्श झाला म्हणजे फाउल झाला, असं नाही. रेफरीला तीन पायऱ्या बघाव्या लागतात. कृती निष्काळजी होती का? असेल तर नुसती फ्री किक. समोरच्याला इजा होईल याची पर्वा न करता केली होती का? मग पिवळं कार्ड. गरजेपेक्षा जास्त जोर लावून त्याला धोक्यात घातलं का? मग लाल. यातलं काहीच नसेल तर बूट बुटाला घासला तरी खेळ चालू राहतो.

आता ‘दिसत नाही’ या शब्दांकडे येऊ. पूर्ण वेगात धावणाऱ्याचा मागचा पाय जमीन सोडून पुढे येत असतो. नेमक्या त्या क्षणी डिफेंडरच्या बुटाचं टोक त्याच्या टाचेला निसटतं लागलं, तर तो पाय जरासा आत वळतो आणि स्वतःच्याच दुसऱ्या पायाच्या पोटरीवर आपटतो. माणूस तोंडावर पडणारच. हा फाउल शंभर टक्के खरा असतो, पण स्टँडच्या वरच्या कॅमेऱ्यातून आपल्याला एवढंच दिसतं की धावणारा स्वतःच्या पायात अडखळला. रिप्ले बघताना डिफेंडरचा पाय बघू नका, धावणाऱ्याचा मागचा पाय बघा. त्याची सरळ येणारी वाट मध्येच तुटली का? तुटली असेल तर काहीतरी लागलंय.

खऱ्या पडण्याची आणखी एक खूण म्हणजे हात. तोल गेला की माणूस आपोआप हात जमिनीकडे नेतो, चेहरा वाचवतो. इंग्लंडच्या पोर्ट्समथ विद्यापीठात पॉल मॉरिस आणि डेव्हिड लुइस यांनी डाइव्हच्या शरीरभाषेचा अभ्यास केला, त्यात त्यांना एक ठरावीक आकृती सापडली. छाती पुढे, डोकं मागे, दोन्ही हात वर उघडलेले, पाय गुडघ्यात मागे दुमडलेले. तीरंदाजाने ताणलेल्या धनुष्यासारखी. खरोखर पडणारा असा पडत नाही, कारण या अवस्थेत स्वतःला वाचवायला काहीच उरत नाही. बाकीच्या खुणाही त्यांनी दिल्या: स्पर्श आणि पडणं यांच्यात गेलेला वेळ, लागलं एकीकडे आणि धरलं दुसरीकडे, आणि धक्क्याच्या मानाने फार मोठी घेतलेली लोळण.

सगळ्यात अवघड प्रकार या दोन्हींच्या मधला. फॉरवर्ड आपली धावायची रेष सोडून पाय मुद्दाम बाजूला टाकतो, डिफेंडरच्या पायात अडकवतो आणि कोसळतो. स्पर्श खरा, रिप्लेत ठळक, पण तो घडवून आणला फॉरवर्डनेच. किंवा फाउल खरा असतो आणि खेळाडू त्यावर आपल्या अभिनयाची भर घालतो. २९ जून २०१४ रोजी फोर्तालेझात नेदरलँड्सने मेक्सिकोला २-१ ने हरवलं ते शेवटच्या क्षणांतल्या पेनल्टीवर. सामना संपल्यावर नेदरलँड्सच्या आर्येन रॉबेनने कबूल केलं की पहिल्या हाफमध्ये एकदा त्याने डाइव्ह मारली होती, त्याबद्दल माफीही मागितली, पण शेवटची पेनल्टी मात्र खरी होती असं सांगितलं. एकाच माणसाचं एकाच सामन्यातलं एक पडणं खोटं आणि दुसरं खरं असू शकतं. मेसेजच्या हिशोबात याला जागाच नाही.

रेफरीपुढे पर्याय दोन नसतात, तीन असतात. फाउल द्यायचा, किंवा फाउलही नाही आणि सोंगही नाही म्हणून ‘खेळत राहा’ म्हणायचं, किंवा फसवायचा प्रयत्न केला म्हणून पिवळं कार्ड दाखवायचं आणि त्याच जागेवरून विरुद्ध संघाला इनडायरेक्ट (जिच्यावरून थेट गोल करता येत नाही अशी) फ्री किक द्यायची. मधला पर्याय सर्वात जास्त वापरला जातो. तो वापरला की दोन्ही बाजूचे प्रेक्षक चिडतात, आणि बहुतेक वेळा तोच बरोबर असतो.

‘व्हीएआर असूनही चालतं, म्हणजे रेफरी सामील’

व्हीएआर २०१८ मध्ये नियमावलीत आला तो चारच गोष्टींसाठी: गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि चुकीच्या खेळाडूला दाखवलेलं कार्ड. त्यातही चूक ढळढळीत असली पाहिजे. मैदानाच्या मध्यभागी कुणी लोळण घेऊन फ्री किक मिळवली, तर व्हिडिओ रूममधल्या माणसाला सगळं दिसत असलं तरी त्याला बोलायची मुभा नाही. ‘याला डाइव्हबद्दल पिवळं दाखव’ एवढ्यासाठी तो रेफरीला बोलावू शकत नाही. मेसेज ज्याला संगनमत म्हणतो, ती प्रत्यक्षात नियमाने आखलेली मर्यादा आहे.

जिथे अधिकार आहे तिथे तो वापरलाही जातो. २२ जून २०१८, सेंट पीटर्सबर्ग, ब्राझील विरुद्ध कोस्टारिका. ब्राझीलचा नेमार पेनल्टी बॉक्समध्ये पाठीवर कोसळला, डच रेफरी ब्योर्न काउपर्स यांनी पेनल्टी दिली, मग मैदानाकडेचा स्क्रीन बघून ती रद्द केली. डिफेंडरचा हात नेमारला लागला होता, पण त्या हाताने कुणी असं उताणं पडत नाही. पडण्याबद्दल नेमारला कार्ड मिळालं नाही. ते दाखवता आलं असतं, आणि आमच्या मते दाखवायला हवं होतं. पण ब्राझीलला फुकटची पेनल्टी मिळाली नाही, हेही त्याच दिवशी जगाने पाहिलं.

स्लो मोशनबद्दलही सांगायला हवं. व्हीएआरच्या कार्यपद्धतीत स्पष्ट म्हटलंय की पाय कुठे लागला, आत की बाहेर, एवढंच ठरवायला संथ चित्रण वापरायचं. जोर किती होता हे नेहमीच्या वेगातच बघायचं. संथ केलं की साधा धक्का ढकलल्यासारखा दिसतो आणि खरा फटका कुरवाळल्यासारखा. मेसेजसोबत फिरणाऱ्या बहुतेक क्लिप संथ केलेल्या असतात.

‘शिक्षा कुणालाच होत नाही’

या मुद्द्यात तथ्य आहे, म्हणून तो नीट बघू. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठाच्या संशोधकांनी ६० व्यावसायिक सामन्यांतली सुमारे २८०० पडणी तपासली. त्यातली साधारण सहा टक्केच सोंगं होती. प्रतिस्पर्ध्याच्या गोलजवळ ती जास्त होती. ‘९० मिनिटं सोंग’ हा दावा इथेच पडतो. पण त्या सोंगांपैकी एकालाही शिक्षा झाली नव्हती, हेही त्याच अभ्यासात आहे. ते झाकून ठेवायचं कारण नाही.

मात्र शिक्षेची तरतूद नाही, हे खोटं. १९९९ पासून सोंगाला पिवळं कार्ड नियमात आहे. इंग्लंडची फुटबॉल संघटना एफएने २०१७-१८ च्या हंगामापासून सामन्यानंतरची चौकशी सुरू केली. एक माजी रेफरी, एक माजी मॅनेजर आणि एक माजी खेळाडू वेगवेगळे बसून व्हिडिओ बघणार. तिघांचंही एकमत झालं तरच आरोप. आणि तोही सोंगामुळे पेनल्टी मिळाली असेल किंवा समोरचा खेळाडू बाहेर गेला असेल तरच. शिक्षा दोन सामने. त्याच नोव्हेंबरात एव्हर्टनचा उमर नियास या नियमाखाली बंदी झालेला प्रीमियर लीगमधला पहिला खेळाडू ठरला, पाठोपाठ वेस्ट हॅमचा मॅन्युएल लान्सिनी.

मग दहा सामने का नाहीत? ऑगस्ट २००९ मध्ये आर्सेनलच्या एदुआर्दोने सेल्टिकविरुद्ध गोलकीपरसमोर पडून पेनल्टी मिळवली. युरोपची फुटबॉल संघटना युएफाने दोन सामन्यांची बंदी घातली आणि अपिलात ती टिकली नाही, कारण त्याने रेफरीला फसवलंच हे पुरेसं सिद्ध झालं नाही. पडणं कॅमेऱ्यात दिसतं, मनातला हेतू दिसत नाही. दोन सामन्यांसाठी जर एवढा पुरावा लागतो, तर दहा सामन्यांसाठी समिती किती कचरेल? शिक्षा जेवढी जबर, तेवढी ती कमी वेळा वापरली जाते.

त्यापेक्षा लोळण्यातला फायदाच काढून घेणं जास्त परिणामकारक. प्रीमियर लीगने २०२३-२४ मध्ये नियम आणला की मैदानात उपचार घेतलेल्या खेळाडूने खेळ सुरू झाल्यावर किमान ३० सेकंद बाहेर थांबायचं. अमेरिकेच्या एमएलएस लीगमध्ये २०२४ पासून हे आणखी कडक झालं: १५ सेकंदांपेक्षा जास्त वेळ पडून राहिलात आणि डॉक्टर आत आले, तर दोन मिनिटं बाहेर. गोलकीपर, डोक्याची दुखापत आणि कार्ड मिळालेला फाउल यांना सूट. लागलं नसताना दोन मिनिटं दहा जणांनी खेळायची तयारी कुठल्याच संघाची नसते. शिवाय इथे कुणाचा हेतू सिद्ध करायची गरज पडत नाही.

रग्बीच्या तुलनेला फार शब्द घालवायला नकोत. एप्रिल २००९ मध्ये लीन्स्टरविरुद्ध हार्लेक्विन्स या रग्बी क्लबच्या टॉम विल्यम्सने नकली रक्ताची कॅप्सूल तोंडात फोडली, कारण रक्त आलं तरच हवा तो बदली खेळाडू आत आणता येणार होता. प्रशिक्षक डीन रिचर्ड्स तीन वर्षं बाहेर गेले. रग्बी वाईट आहे असं यातून सिद्ध होत नाही. नियमात फट दिसली की व्यावसायिक खेळाडू ती वापरतो, मग खेळ कुठलाही असो.

‘घेरून जाब विचारला पाहिजे’

हा मुद्दा सगळ्यात घातक. रेफरीला दहा जणांनी गराडा घातला की पहिलं नुकसान माहितीचं होतं. त्याच्या कानातल्या हेडसेटवर असिस्टंट रेफरी सांगत असतो, ‘मला बाजूने दिसलं, पाय लागला नाही.’ आरडाओरड्यात ते ऐकू येत नाही. बऱ्याचदा बाजूचा कोन त्या असिस्टंटकडेच असतो. रेफरी दोघांच्या पाठीमागे असेल तर त्याला दोन पायांमधली फट दिसतच नाही. म्हणजे डाइव्ह पकडायची असेल तर त्या दहा सेकंदांची शांतता लागते, आणि घेराव नेमकी तीच मोडतो.

म्हणूनच युरो २०२४ मध्ये फक्त कॅप्टनने रेफरीशी बोलायचं ही पद्धत राबवली गेली, आणि नियम ठरवणाऱ्या आयफॅबने ती इतर स्पर्धांनाही उपलब्ध करून दिली. कॅप्टन गोलकीपर असेल तर नाणेफेकीच्या वेळी मैदानातला दुसरा खेळाडू नेमायचा. बाकीच्यांनी साधारण चार मीटर लांब राहायचं. नाही ऐकलं तर पिवळं. प्रश्न विचारायची बंदी नाही. कॅप्टनला निर्णयाचं कारण विचारता येतं.

घेरावाची पुढची पायरी तुर्कस्तानात दिसली. ११ डिसेंबर २०२३ रोजी अंकारात सामना संपल्यावर अंकारागुजू क्लबचे अध्यक्ष फारूक कोजा मैदानात आले आणि त्यांनी रेफरी हलील उमुत मेलेर यांच्या तोंडावर ठोसा मारला. खाली पडल्यावर त्यांना लाथाही बसल्या. देशातली लीग थांबवावी लागली, कोजा यांच्यावर कायमची बंदी आली.

आपल्याकडचं उदाहरण ३ मार्च २०२३ चं. आयएसएल या भारतीय लीगच्या बाद फेरीत जादा वेळेत बंगळुरूच्या सुनील छेत्रीने झटपट फ्री किक मारून गोल केला, रेफरीने तो दिला आणि केरला ब्लास्टर्सचा संघ मैदान सोडून गेला. समोरची भिंत दहा यार्ड मागे जाईपर्यंत थांबायचं बंधन किक मारणाऱ्यावर नसतं. रेफरीने ‘शिट्टीची वाट बघ’ म्हटलं असेल तरच थांबायचं, आणि तसं म्हटलं होतं का यावरच वाद होता. व्हीएआर नव्हता. तक्रार नोंदवून खेळत राहायचा मार्ग होता, सामना जिंकायला अजून वीस मिनिटांहून जास्त वेळ होता. निघून गेल्यामुळे सामना बंगळुरूला बहाल झाला, क्लबला ४ कोटींचा दंड आणि प्रशिक्षक इव्हान वुकोमानोविच यांना दहा सामन्यांची बंदी झाली. मेसेज लिहिणाऱ्यांना डाइव्हसाठी हवे असलेले दहा सामने इथे रेफरीचा निर्णय धुडकावल्याबद्दल मिळाले.

रेफरीला निर्णय बदलता येतो, पण खेळ पुन्हा सुरू होईपर्यंतच. त्या वेळात सगळ्यात उपयोगी माणूस म्हणजे स्वतः पडलेला खेळाडू. २४ मार्च १९९७ रोजी हायबरीत लिव्हरपूलच्या रॉबी फाउलरने रेफरी जेराल्ड ॲशबी यांना सांगितलं की आर्सेनलचा गोलकीपर सीमनने मला पाडलं नाही. ॲशबींनी पेनल्टी कायम ठेवली. तो त्यांचा अधिकार होता. ८ मार्च २०१४ रोजी न्यूर्नबर्गविरुद्ध वेर्डर ब्रेमेनचा आरोन हुंट पडला, पेनल्टी मिळाली, आणि त्याने रेफरी मानुएल ग्रेफे यांच्याकडे जाऊन सांगितलं की हा फाउल नव्हता. ग्रेफे यांनी पेनल्टी रद्द केली.