शेजाऱ्याचा कुत्रा सुटतो, म्हणून विष घालायचं?

“शेजाऱ्याचा कुत्रा त्रास देतो? कायदा तुमच्या बाजूने आहे. वाचा आणि प्रत्येक ग्रुपवर पाठवा.” असं डोक्यावर लिहिलेला एक लांबलचक संदेश सध्या सिंधुदुर्ग-रत्नागिरीतल्या वाडीवाडीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरतो आहे. मला तो मालवण तालुक्यातल्या माझ्या मावशीने पाठवला. खाली तिने एवढंच विचारलं होतं, “ह्यां खरां मां रे? थायमेट खंय गावतला?” (हे खरं ना रे? थायमेट कुठे मिळेल?) मावशी साठी ओलांडलेली, घरात एकटी. शेजारचा टिपू सुंभ कुरतडून वरचेवर तिच्या परड्यात येतो, खुराड्याभोवती घिरट्या घालतो, अंड्यांवर बसलेली एक कोंबडी त्याने उचललीही. तिचा वैताग खरा आहे. पण दारात आलेल्या कुठल्याही मांजराला भात घालणारी ही बाई विष कुठे मिळेल ते विचारते, ती या संदेशामुळे. म्हणून लिहितो आहे, आणि राग आवरून लिहिणं मला जमणार नाही.

संदेशाचं म्हणणं थोडक्यात असं. तुमच्या हद्दीत शिरलेला कुत्रा मारायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे, सुप्रीम कोर्टानेच 2025 मध्ये तसा निकाल दिला. गाजावाजा नको असेल तर सुक्या बांगड्याच्या तुकड्यात थायमेट घालून गडग्यापाशी (दगडी कुंपणापाशी) ठेवा, कुत्रा लांब जाऊन मरतो, कुणाला कळत नाही. पोलिसांत जाऊ नका, पाळीव कुत्र्याविरुद्ध कायदाच नाही. पाळीव कुत्रा चावला तर इंजेक्शन लागत नाही, मिरचीपूड दाबा आणि दहा दिवस कुत्रा जगतो का बघा. आणि शेवटी, एकदा सुटायची चटक लागलेला कुत्रा कधीच सुधारत नाही.

विषाचं आधी घेतो. बाकीच्या मुद्द्यांनी माणसं फसतील, या मुद्द्याने कुणीतरी मरेल.

आपल्याकडे ज्याला सगळे थायमेट म्हणतात ते फोरेट नावाचं कीटकनाशक. केळीच्या, माडाच्या बुंध्यात टाकायचे ते दाणे. केंद्र सरकारने फोरेटची विक्री आणि वापर 31 डिसेंबर 2020 पासून देशभर बंद केला आहे. म्हणजे आज ज्याच्या गोठ्यातल्या पत्र्याच्या डब्यात ते उरलं आहे त्याने ते केळीलाही घालायचं नाही, मग बांगड्यात कुठून? बंदी उगाच आली नाही. हे औषध थेट मज्जासंस्थेवर काम करतं, आणि पोटातूनच जायला हवं असंही नाही, कातडीतूनही भिनतं. उघड्या हाताने मासळीत ते दाणे भरणारा माणूस विष स्वतःच्या बोटांनाही लावून घेतो.

आणि “कुत्रा लांब जाऊन मरतो” हे लिहिणाऱ्याने विष खाल्लेलं जनावर कधी पाहिलेलं नसावं. तोंडातून लाळ गळते, अंग थरथरतं, आचके येतात, ते ओकतं, वाट फुटेल तिकडे धावतं. त्या ओकारीत कोंबड्या चोची मारतात. ज्या कोंबड्या वाचवायला निघालात, त्याच. सुक्या मासळीचा वास काय फक्त टिपूला येतो? मांजर, मुंगूस, कावळा, घार, सगळ्यांचं ते खाणं. गडग्यावरून शाळेची पोरं ये-जा करतात, चिंचा-बोरं शोधत जमिनीवर नजर ठेवून चालतात. खाली परड्यात विहीर आहे, आणि आपल्या पावसात वरचं सगळं खाली वाहून येतं. हे सगळं एका कोंबडीसाठी.

आता कायदा. हा भाग त्या ग्रुपांवर जसाच्या तसा टाका. 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या कलम 325 मध्ये कोणत्याही प्राण्याला आगळीक करून ठार मारणं, विष देणं, अपंग किंवा निरुपयोगी करणं हा गुन्हा आहे. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. विष देणं हे शब्द कलमातच आहेत. जुन्या कायद्यात जनावराची किंमत बघितली जायची, दहा रुपये, पन्नास रुपये अशा मर्यादा होत्या. त्या नव्या कायद्यात राहिल्या नाहीत. त्यामुळे “गावठी तर कुत्रा, त्याची किंमत ती काय” हा बचावही गेला. शिवाय प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा 1960 चा कायदा आहेच, त्यातलं कलम 11 वेगळं लागतं. कुत्रा तुमच्या हद्दीत होता की शेजाऱ्याच्या, याने यात काहीही बदलत नाही.

सुप्रीम कोर्टाचं नाव तर सरळ वापरून घेतलं आहे. 11 ऑगस्ट 2025 चा आदेश दिल्ली आणि आसपासच्या रस्त्यांवरच्या भटक्या कुत्र्यांना उचलून निवाऱ्यांत ठेवण्याबद्दल होता. 22 ऑगस्टला तीन न्यायाधीशांच्या खंडपीठाने तोही बदलला: नसबंदी आणि लसीकरण करून कुत्रे होते तिथेच सोडा, रेबीज झालेले आणि आक्रमक सोडून. मारायचा परवाना यात कुठे आहे? आणि ज्याला घर आहे, धनी आहे, अशा पाळीव कुत्र्याशी त्या आदेशाचा संबंध काय?

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. कुत्रा खरोखरच पोराच्या अंगावर गेला आणि तुम्ही हातातल्या दांड्याने त्याला हाणलं, त्यात तो दगावला, तर तुम्ही गुन्हेगार ठरत नाही. मोठा अपाय टाळण्यासाठी, वाईट हेतू नसताना केलेल्या कृतीला संहितेचं कलम 19 संरक्षण देतं. संदेशातल्या “अधिकारा”त खऱ्याचा अंश आहे तो एवढाच. तो त्या क्षणापुरता आहे. आदल्या रात्री बसून मासळीत विष भरणाऱ्याला तो लागू होत नाही.

“पाळीव कुत्र्याविरुद्ध कायदाच नाही” हे तर धडधडीत खोटं. त्याच संहितेचं कलम 291 वाचा. आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा धोका होऊ नये इतपत काळजी जो जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणाने घेत नाही, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दखलपात्र गुन्हा आहे. चावा झाल्यावरच ते लागतं असंही नाही, धोका पुरेसा आहे. हां, कोंबडी गेली म्हणून 291 लागणार नाही, ते माणसाच्या जिवापुरतं आहे. कोंबडीची भरपाई शेजाऱ्याकडून घ्यायची, आणि ती चारचौघांसमोर मागायची.

ठाण्यात गेलं की आधी “आपापसात मिटवा” म्हणून परत पाठवतात, हे मला माहीत आहे, आणि संदेश लिहिणाऱ्याचा राग तिथून आला असेल तर तो मी समजू शकतो. पण तोंडी गाऱ्हाणं घेऊन गेलात तर तोंडीच उत्तर मिळणार. कुत्रा कधी सुटला, कुणावर धावला, कोण बघत होतं, हे वहीत तारखेसकट लिहा. मोबाईलवर फोटो काढा. पहिला अर्ज पोलीस पाटलांकडे द्या, प्रत ग्रामपंचायतीला, पोच घ्या. गावची तंटामुक्ती समिती चालू असेल तर ती याच कामासाठी आहे. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम 2007 मध्ये सुरू झाली ती असे बांधावरचे वाद ठाण्यापर्यंत जाऊ नयेत म्हणूनच. तरीही धनी ऐकत नसेल तर ते सगळे कागद आणि कलम 291 घेऊन ठाण्यात जा. हातात कागद असला की परत पाठवणं सोपं राहत नाही.

चाव्याबद्दलचा सल्ला जीवघेणा आहे, तरी त्याला लांबण लावत नाही, कारण उत्तर सरळ आहे. मिरची, चुना, हळद, कॉफी, काहीही जखमेवर लावायचं नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवायची, मग त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय. पोटातली चौदा इंजेक्शनं 2004 मध्येच बंद झाली. आता सुई दंडात, ठरलेल्या दिवशी चार-पाच वेळा. जखम खोल असेल, रक्त आलं असेल तर जखमेच्या आत द्यायचं आणखी एक औषध असतं, त्यासाठी जिल्हा रुग्णालयात पाठवलं तर जायचं, उद्यावर टाकायचं नाही. दहा दिवस कुत्र्यावर लक्ष ठेवायचं हे खरं, पण लस सुरू करून. वाट बघत बसायचं नाही. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की जवळजवळ कुणीच वाचत नाही. आणि पाळीव कुत्र्याला रेबीज होत नाही म्हणणाऱ्याने सांगावं, रात्रभर सुटून रस्त्यावरच्या कुत्र्यांशी, कोल्ह्यांशी भांडून आलेल्या, लस न टोचलेल्या कुत्र्याचं काय?

राहिला “सुटलेला कुत्रा सुधारत नाही” हा शेवटचा मुद्दा. मोकाट कुत्र्याने नुकसान होतं, यात वाद नाही. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला कासवांची अंडी कुंपणाच्या आत का आणून ठेवावी लागतात ते तिथल्या लोकांना विचारा. किनाऱ्यावरची घरटी उकरणाऱ्यांत कुत्रे आहेतच. पण कुत्रा सुटतो त्याला कारण असतं आणि ते कारण बहुतेक वेळा धन्याकडे असतं. नसबंदी न केलेला नर माजावरच्या मादीच्या वासाने गडगा काय, काहीही ओलांडतो. नसबंदीने हे भटकणं बरंच कमी होतं. पाळीव कुत्र्याचं लसीकरण आणि नसबंदी ही धन्याची जबाबदारी आहे, असं 2023 चे प्राणी जन्म नियंत्रण नियम सांगतात. सुंभाने बांधलेला कुत्रा सुंभ तोडणारच. दिवसभर हातभर साखळीत ठेवलेला कुत्रा सुटला की परत यायचं नाव घेत नाही, आणि असं सतत बांधून ठेवणं, फिरवायला न नेणं हेही 1960 च्या कायद्याच्या त्याच कलम 11 मध्ये येतं. पावसात गडग्याचे चिरे सरकतात, बेड्याचे (फाटकाचे) बांबू कुजतात, ते कुणी बघत नाही. बिबट्या नेतो म्हणून कुत्रा रात्री बांधत नाही, असं काही धनी सांगतात. बिबट्या खळ्यात बांधलेला कुत्रा नेतो हे खरं आहे. त्यावर उपाय कुत्रा पडवीच्या आत, दार लावून ठेवणं हा आहे, गावभर सोडणं हा नाही.

गणपतीत हे सगळं एकदम वाढतं. चाकरमानी आलेले, बेडं दिवसभर उघडं, ढोल आणि फटाके. बुजलेला कुत्रा अशा वेळी पट्टा तोडून कुठेही पळतो आणि समोर येईल त्याला चावतो. ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांनी चतुर्थीच्या आधी त्याला रेबीजची वार्षिक लस टोचून घ्यावी, पट्ट्यावर फोन नंबर लिहावा, विसर्जनाच्या संध्याकाळी त्याला आतल्या खोलीत घ्यावं आणि घरातल्या एका माणसाला त्याच्याजवळ बसवावं. टिपूच्या धन्याला हे मी फोन करून सांगितलं आहे. मावशीचा अर्जही लिहून दिला आहे, ती सोमवारी पोलीस पाटलांकडे नेईल.